हौदातली दर्याची तार

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मृत्युपत्र लिहून ठेवणार: विरुपाक्ष शांतलिंग होर्टीकर, वय सत्तरीच्या घरात, धंदा पूर्वी समुद्रातल्या तारेचा जोडारी, हल्ली पेन्शनर, राहणार मौजे जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद.

लिहून ठेवतो ऐसा जे, माझं डोकं ठिकाणावर आहे. एका डोळ्याला कमी दिसतं, पण दुसऱ्या डोळ्यानं मी अजून सुईत दोरा ओवतो. मला कोणी काही पाजलेलं नाही, दम दिलेला नाही, आणि मला दम देईल असा माईचा लाल जळकोटात राहिलेला नाही. राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं लिहितो असं लिहायची रीत आहे. अक्कलहुशारी आहे. राजीखुशी म्हणाल तर ती नाही. हा कागद मी रागानं लिहितो आहे. राग असला की माझा हात थरथरत नाही, म्हणून आजच बसलो.

धाराशिवचे वकील म्हणाले, "विरुपाक्षराव, मिळकत लिहा, वारस लिहा, सही करा. बाकीचं पुराण कशाला?" मी म्हणालो, पुराण नको म्हणता, मग उद्या कोर्टात कुणी विचारलं की म्हाताऱ्यानं सगळं सुनेलाच का दिलं, तर उत्तर कोण देणार, तुम्ही? तेव्हा पुराणासकट लिहितो.

कलम १. माझी बायको गौराबाई कधीच शिवैक्य झाली. मुलगा एकच, गुरुलिंग. तो मेला नाही, त्याला मारला. कोणी आणि कसा ते पुढे येईल. माझ्या मागे माझं म्हणावं असं एकच माणूस आहे, माझी सून इरम्मा भ्रतार गुरुलिंग होर्टीकर. माझी स्थावर, जंगम, दिसणारी, न दिसणारी सगळी मिळकत माझ्या पश्चात इरम्माची. घर तिचं, घरातली चूल तिची, दाराची कडी तिची. तिनं पुन्हा लग्न केलं तरी तिचीच. यात कुणी शहाण्यानं 'हयातीपुरती' असा शब्द घुसडू नये.

कलम २. हे घर वडिलोपार्जित नाही, ते माझ्या कमाईचं आहे. हे मी ठासून लिहितो, कारण माझा चुलतभाऊ महांतप्पा गावभर सांगत फिरतो की विरुपाक्षला मुलगा उरला नाही, आता घराण्याची मिळकत घराण्यात आली पाहिजे. कसलं घराणं? माझा बाप शांतलिंग पटकीनं गेला, तेव्हा याच्या बापानं, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यानं, माझ्या आईला भरल्या घरातून बाहेर काढलं. आईचं नाव प्रेमाबाई. तिचे केस धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढली आणि तिच्या मागं तिचं जातं फेकलं. जात्याची वरची तळी तिच्या पायावर पडली. ती जन्मभर लंगडत चालली. मी तिथं उभा होतो. चुलत्याच्या मनगटाला चावलो तेव्हा त्यानं माझे पुढचे दात पाडले. त्या दिवसापासून होर्टीकरांच्या मळ्यातलं एक ढेकूळ माझ्याकडे आलेलं नाही. म्हणून घराण्याचं काही मागायला कुणी माझ्या दारात येऊ नये. मी घराण्याकडून घेतले ते फक्त हे पडलेले दात.

संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या दुष्काळात मी आईला तिच्या माहेरी नळदुर्गात ठेवून मुंबई गाठली, तिथून कराची. कराचीला समुद्रातली तार दुरुस्त करणारं जहाज होतं. त्यावर मी आधी दोर ओढणारा आणि मग जोडारी झालो. सगळी उमर त्या जहाजावर काढली. त्या पगारातून आणि पेन्शनीतून हे माळवदाचं घर बांधलं. दगड तुळजापूरचा, सागवान सोलापूरचं, घाम माझा.

कलम ३. आता तारेबद्दल. गावाला वाटतं मी दोरी पाळली आहे. पुढच्या लोकांना कळावं म्हणून नीट लिहितो.

आमच्या वाडवडलांच्या काळी विलायतेहून निरोप यायला महिने लागायचे. इकडे बंड होऊन माणसं मरून त्यांची हाडं वाळली तरी तिकडं खबर नाही. मग साहेबलोकांनी समुद्राच्या तळाशी तार टाकायचं मनावर घेतलं. तांबड्या समुद्रात टाकलेली पहिली तार ताणून टाकल्यामुळं ठिकठिकाणी तुटली, आणि तिच्या सबंध लांबीतून एकही निरोप गेला नाही, असं आमचे जुने जोडारी सांगत. त्यानंतर अठराशे चौसष्ट साली इराणच्या आखातात तार पडली. ती तार शिडाच्या जहाजांत भरून विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आणली होती. पलीकडच्या टोकाला, फावच्या किनाऱ्यावर, एवढा चिखल की शेकडो माणसं गळ्याइतक्या चिखलात लोळत लोळत ती ओढत गेली. त्यात किती मेले ते कुणी लिहून ठेवलं नाही. हिंदुस्थान पहिल्यांदा विलायतेशी बोलला तो त्या तारेतून.

त्या तारेचा एक मोठा तुकडा माझ्या हौदात आहे. एका दुरुस्तीत गळ टाकून आम्ही जुनी तार वर काढली. वरून शिंपल्यांनी भरलेली, आतून जशीच्या तशी. साहेब म्हणाला, कापा आणि टाका. मी म्हणालो, साहेब, मला द्या. तो हसला आणि म्हणाला, ने.

ही तार अशी असते: मध्ये तांबं, त्यावर मलायातल्या झाडाचा चीक, त्यावर ताग, त्यावर लोखंडी तारांचा पीळ आणि डांबर. सगळा जीव त्या चिकात असतो. आम्ही त्याला गट्टा म्हणायचो. तो तांब्याला पाणी लागू देत नाही. जोड करताना गट्टा दिव्यावर मऊ करून बोटांनी वळायचा, त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तर तार मेली. ज्याच्या हाताला घाम त्याला जोडारी करत नसत. माझे हात कोरडे. माझी बायको म्हणायची, तुमचं मनपण तसंच हाय. गट्टा पाण्यात, अंधारात, जन्मभर मऊ राहतो. ऊन-वारा लागला की कडक होतो आणि पापडासारखा तडकतो. म्हणून पडवीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा हौद केला, त्यावर सागाचं झाकण, आत पाणी, पाण्यात मीठ.

जळकोटात उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं आणि हा म्हातारा दोरीला पाणी पाजतो, असं लोक म्हणायचे. बरोबर म्हणायचे. ते पाणी विहिरीवरून इरम्मा आणायची. आणायची आणि बडबडायची. "मामा, तुमच्या दोरीला जेवायला पण वाढू का?" असं एकदा पाव्हण्यांसमोर म्हणाली. मी पाव्हण्यांना उठवून लावलं, तिला काही बोललो नाही. ती कानडी मुलखातली, आळंदच्या बाजूची. मनात येईल ते तोंडावर बोलती.

कलम ४. हे कलम लिहिताना मी दोनदा उठलो.

सत्तेचाळीस सालचा दसरा. देशभर झेंडे लागले होते आणि आमच्या निजामाच्या मुलखात रस्त्यारस्त्यावर हत्यारबंद टोळ्या लॉऱ्यांतून हिंडत होत्या. सोलापूरकडं, म्हणजे हद्दीपलीकडं हिंदुस्थान सरकारला, खबर देतो म्हणून कुणालाही धरायचे, गावं जाळायचे, बायकांच्या अंगाला हात घालायचे. हैदराबादची सडक आमच्या दारावरून जाते, तेव्हा आम्ही काय काय बघितलं ते सांगायला नको. मी डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला होतो.

घट बसायच्या आधी आमच्याकडं बाया दसरा काढतात. घरातली गोधडी, घोंगडी, भांडी, उतरंडी, देव्हारा, सगळं बाहेर काढून धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. घरात शिळं, न धुतलेलं काही राहिलं तर घट बाटतो, अशी त्यांची समजूत. इरम्मानं दसरा काढला. मराठवाड्यात कोणती बाई काढत नाही? हौदातलं पाणी तिला शिळं वाटलं. तिनं हौद उपसला, राखेनं घासला, आणि तार काढून, धुऊन, माळवदावर उन्हात पसरली. लांब होती म्हणून तिचं दुसरं टोक लिंबाच्या फांदीवर टाकलं. गुरुलिंग शेजारच्या गावी गेला होता, तो घरी असता तर ओरडला असता. तार उन्हात घालू नये हे तिला माहीत होतं. ती मला नंतर म्हणाली, "मामा, एका दिवसात काय होतंय असं वाटलं. घरात देवी येणार, अन् त्या कुबट पाण्यात तुमची दोरी."

दुपारी सडकेवरून लॉरी आली. माळवदावरून झाडावर गेलेली काळी तार त्यांनी बघितली. लॉरी थांबली ती महांतप्पाच्या दुकानासमोर. म्होरक्यानं विचारलं, "ये तार किसकी है बे?"

महांतप्पाला ती तार काय आहे हे पक्कं माहीत होतं. वीस वर्षं तो तिच्यावरून माझी टवाळी करत होता. त्याच्या पोरानं लहानपणी हौदात दगड टाकला म्हणून मी त्याचा कान पिळला होता. माहीत नव्हतं असं त्यानं म्हणूच नये. तो गादीवरून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "विरुपाक्ष की, हुजूर. सोलापूर को लगती."

एवढं एक वाक्य. शेजारच्या खोपटात दस्तगीर नालबंद बैलाच्या खुराला नाल ठोकत होता. त्यानं ते आपल्या कानानं ऐकलं. हातातली हातोडी टाकून तो पळत सुटला, गुरुलिंग वाटेत भेटला तर त्याला मागं फिरवायला. पण गुरुलिंग दुसऱ्या वाटेनं घरी पोचला होता आणि तार काढायला माळवदावर चढला होता.

त्यांनी त्याला माळवदावरून खाली ओढलं. तो सांगत होता, "साब, ये दर्या की पुरानी तार है. मरी हुई है. घर की औरत ने धूप में डाली." म्होरक्या म्हणाला, "मरी हुई है तो उसके बदले तू बोल." मग त्यांनी कुऱ्हाडीनं तारेचा हातभर तुकडा तोडला आणि त्यानंच त्याला मारायला लागले. लोखंडी पीळ, आत तांबं. पहिल्या तडाख्यात त्याचा खांदा मोडला. सोलापुरात कोण आहे, नाव सांग, असं विचारायचे आणि मारायचे. त्याला सोलापुरात फक्त मी आहे एवढंच माहीत. त्यानं माझं नाव घेतलं नाही. माझ्या पोरानं माझं नाव घेतलं नाही, लोकहो. तोंड फुटलं, कवटी फुटली, तरी नाही. इरम्मा मध्ये पडली तर तिला बंदुकीच्या दस्त्यानं पाडली. तिच्या पोटात दोन महिन्यांचं होतं, ते तिथंच अंगणात गेलं. समोरच्या दुकानात महांतप्पा गूळ तोलत होता.

मी आलो तेव्हा पोराला माती दिलेली होती. इरम्मा पडवीत बसली होती. हौद भरलेला, मीठ घातलेलं, तार आत, आणि तो हातभर तुकडासुद्धा आत. मी तिच्या अंगावर धावून गेलो. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मारा मामा. ती तिकडं हाय, तिनंच मारा." माझा हात वरच्या वर राहिला. मी तिच्याशेजारी बसलो आणि आम्ही दोघं गुरासारखे रडलो. लाज वाटत नाही मला हे लिहायला.

कलम ५. त्यानंतर गावानं इरम्माला नवरा खाल्लेली ठरवलं. पांढऱ्या पायाची, दसरा काढून नवरा घालवला. विहिरीवर बाया तिच्या घागरीला घागर लागू देईनात. हे सगळं ज्या तोंडातून निघालं ते तोंड महांतप्पाचं. पंचांना तो म्हणाला, "हिला माहेरी घालवा, म्हातारा आमी सांभाळतो." तू मला सांभाळणार? अरे, तुझ्या हातचं पाणी मी मरताना तोंडात घेणार नाही.

कलम ६. पुढच्या साली पोलीस ॲक्शन झाली. सोलापूरकडून नळदुर्गावरून रणगाडे आले, टोळ्या पळाल्या. आणि ज्यांच्या अंगात एवढे दिवस मांजर होतं त्यांच्या अंगात वाघ संचारला. महांतप्पानं दुकानात पांढरी टोपी शिवून घेतली. हाच महांतप्पा कोयते-कुऱ्हाडी घेतलेला जमाव घेऊन दस्तगीरच्या खोपटावर गेला. दस्तगीर कुठल्या टोळीत नव्हता, गावच्या बैलांना नाल ठोकत होता. पण दस्तगीरच्या कानात ते वाक्य होतं. ज्याच्या कानात ते होतं तो माणूस महांतप्पाला नको होता. देशभक्तीचं नाव, काम स्वतःचं. दस्तगीरच्या धाकट्या भावाला त्यांनी पळता पळता ओढ्यात गाठलं आणि तोडला. खोपटाला आग लावली.

दस्तगीर मागच्या भिंतीवरून आमच्या घरात उतरला. इरम्मानं मला विचारलं नाही. तिनं त्याला हाताला धरून हौदात बसवला, तारेच्या वेटोळ्यात, गळ्यापर्यंत मिठाच्या पाण्यात. वरून झाकण ओढलं आणि झाकणावर जोंधळ्याची सुपं मांडून पाखडायला बसली. मी दारात गेलो. हातात जहाजावरचा गळ होता, पाच नखांचा, समुद्राच्या तळातून तार ओढून काढायचा. तो मी निवृत्त होताना घेऊन आलो होतो.

महांतप्पा म्हणाला, "विरुप्पा, बाजूला हो. लांड्याला बाहेर काढ."

मी म्हणालो, "आत ये आणि काढ."

त्यानं कुऱ्हाड उचलली. माझ्यावर की दारावर, ते त्यालाच ठाऊक. मी गळ फिरवला आणि त्याच्या उजव्या हाताचं मनगट दाराच्या चौकटीवर चेचलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं. हे वाक्य काढा, असं वकील म्हणाले. काढत नाही. तो खाली पडून बोंबलायला लागला. तेवढ्यात इरम्मा माळवदावर चढून खाली दगड टाकायला लागली आणि कानडीत असल्या शिव्या द्यायला लागली की मला जहाजावरसुद्धा तशा ऐकायला मिळाल्या नव्हत्या. म्होरक्या पडला म्हटल्यावर बाकीच्यांना लुटायला दुसरी घरं होती. गेले.

कलम ७. आता मी काय करणार होतो ते लिहितो. मी महांतप्पाला फासावर पाठवणार होतो. दस्तगीर धाराशिवला येऊन कोर्टातल्या साहेबासमोर साक्ष द्यायला तयार होता, आहे. गाडी जुंपली होती. इरम्मा बैलांच्या पुढं येऊन उभी राहिली.

"मामा, त्याला फाशी दिऊन मला काय मिळंल?"

मी म्हणालो, "गुरुलिंगला न्याय मिळंल."

"गुरुलिंग गेले. मी हाय. तुमी अजून दोन-चार वर्सं. मग त्याची पोरं माझ्या दारात उभी राहत्याल, बापाला फाशी दिलेली पोरं. मला कुठं ओढून टाकत्याल? मला त्याचं मढं नको, मामा. मला दार पायजे, आतून कडी लावायला."

मी तिच्यावर ओरडलो, तुझ्या पोटातलं पोर गेलं, तुला चीड नाही? ती म्हणाली, "चीड हाय. पण चिडीत निजता येत न्हाय." बैल सोडले. मला अजून हे पटलेलं नाही. माझ्या मनात महांतप्पा रोज लटकतो. पण दार तिला लागणार आहे, मला नाही. म्हणून मन मारलं आणि तिच्यासाठी हा कागद केला.

कलम ८. तारेच्या जतनाबाबत. मोठा तुकडा निम्मा बिघडला. उन्हात जो भाग राहिला त्याचा गट्टा तडकला, लिंबाच्या सावलीत होता तो भाग चांगला आहे. इरम्मानं त्याला पाणी घालावं अशी सक्ती मी करत नाही. तिनं त्या तारेपायी जे भोगलं त्यानंतर तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. हे मी तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "मी न्हाय घातलं तर कोण घालंल? तारेचा काय गुन्हा?" तेव्हा ती घालील.

मुंबईच्या एका संग्रहालयाचा माणूस येऊन गेला होता. काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवू म्हणाला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. काचेच्या कपाटात ती दोन उन्हाळ्यांत मरेल. कोणत्याही संस्थेला ती पुढे द्यायची तर इरम्माच्या मर्जीनं, आणि या अटींवर: पाण्यात ठेवावी, अंधारात ठेवावी, आणि दोन्ही तुकडे एकत्र घ्यावेत. मोठ्या तुकड्यापाशी लिहावं, यातून हिंदुस्थानचे पहिले निरोप गेले. हातभर तुकड्यापाशी लिहावं, यानं गुरुलिंग विरुपाक्ष होर्टीकर यास जळकोट येथे मारलं. पहिलं लिहायचं आणि दुसरं लपवायचं असेल तर तार देऊ नये. विहिरीत टाकावी.

कलम ९. हत्यारांबाबत. पाच नखांचा गळ इरम्माला. तो दाराच्या आत, उजव्या बाजूला टांगलेला असतो. तिथंच राहावा.

जोडकामाचा चाकू, स्पिरिटचा दिवा आणि घोड्याच्या कातड्याची पिशवी मी दस्तगीरला हयातीतच देऊन टाकली आहे. मृत्युपत्रात लिहिली असती, पण ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष घालू नये, असं वकील म्हणाले, आणि दस्तगीरची साक्ष मला हवी आहे.

कलम १०. मला गुरुलिंगशेजारी माती द्यावी. जंगमांनी विधी थोडक्यात उरकावा, मला ताटकळत बसायची सवय नाही. महांतप्पाच्या घरच्या कुणी खांदा देऊ नये. त्याची बायको रुद्रम्मा रडायला आली तर येऊ द्यावी. दसरा काढला त्या दिवशी दुकानाच्या मागच्या दारानं येऊन तिनं इरम्माला पाणी पाजलं होतं, आणि त्याबद्दल घरी मार खाल्ला होता.

कलम ११. महांतप्पाला या मिळकतीतून काहीही नाही. पेंढीतली काडीसुद्धा नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो, हे त्याच वकिलानं सांगितलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्याची फी वसूल झाल्यासारखी वाटली.

मी महांतप्पाला बोलावून घेतलं. दस्तगीर, इरम्मा, दोन पंच समोर होते. त्याला सांगितलं, दोन वाटा आहेत. एक धाराशिवची, तिथं दस्तगीर बोलेल. दुसरी, या कागदावर साक्षीदार म्हणून सही कर आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ते वाक्य लिही. इरम्मा या घरात सुखानं राहिली तर हा कागद तिच्या पेटीत राहील. तुझ्या किंवा तुझ्या पोरांच्या हातानं तिच्या दाराची कडी वाजली, तर हा कोर्टात वाचला जाईल. त्यानं इथपर्यंतचा अख्खा कागद वाचून घेतला. कलम चार दोनदा वाचलं. त्यातलं गूळ तोलल्याचं तेवढं काढ म्हणाला. मी नाही म्हणालो. मग बराच वेळ रडला. कुणी त्याला पाणी विचारलं नाही. शेवटी बोरू मागितला.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा, माझ्या अकलेचा. यापूर्वी मी कुठलं मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर गुरुलिंगच्या नावानं केलं असतं.

मुक्काम जळकोट. तारीख १४ मार्च १९४९.

(सही) विरुपाक्ष शांतलिंग होर्टीकर

साक्षीदार:

१. विरुपाक्ष अण्णांनी माझ्यासमोर सही केली. महांतप्पांनी लिहिलं ते पण माझ्यासमोर लिहिलं, कुणी त्यांचा हात धरला नव्हता.
(उर्दूत सही) दस्तगीर वलद इमाम, नालबंद, राहणार जळकोट

२. विरुपाक्षनं माझ्यासमोर सही केली. उजवा हात चालत न्हाय म्हणून डाव्या हातानं लिहितो. सगळं मी वाचलं. तार सोलापूरला लागती असं मीच म्हणालो. ती कुठंच लागत नव्हती, हे मला ठावं होतं.
(सही) महांतप्पा होर्टीकर, राहणार जळकोट